रबाळ्यातली ट्रायल सिंटरिंग सेवा: वागळे इस्टेटच्या एका बुशवालीचा अनुभव

पावडर मेटलर्जीचे, म्हणजे धातूची पावडर साच्यात दाबून मग भट्टीत भाजून, पार्ट बनवणाऱ्या ठाण्या-नवी मुंबईतल्या छोट्या कारखान्यांसाठी हे लिहितेय. ज्यांच्याकडे प्रेस आहे पण भट्टी नाही, किंवा भट्टी आहे पण तिच्यावरचं तापमान का लावलंय हे सांगणारा माणूस रिटायर होऊन गावी गेलाय, त्यांच्या हे उपयोगी पडेल. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. मिक्सरच्या एवढ्याशा बुशमागे, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या नळीमागे, किती भानगडी असतात ते तरी कळेल.

सेवा अशी आहे. रबाळे एमआयडीसीत, ठाणे-बेलापूर रोडवरून आत गेल्यावर, एका गाळ्यात एक निवृत्त मेटलर्जिस्ट आणि त्यांचा भाचा ट्रायल सिंटरिंग, म्हणजे दाबलेल्या पावडरच्या पार्टची चाचणीपुरती भाजणी, करून देतात. आपली पावडर आणि आपले दाबलेले कच्चे पार्ट घेऊन जायचं. ते फेज डायग्राम, म्हणजे कुठल्या तापमानाला काय घन आणि काय द्रव हे दाखवणारा आलेख, समोर ठेवून तापमान, वेळ आणि वायू ठरवतात, छोट्या ट्यूब भट्टीत ट्रायल घेतात, पार्ट कापून मायक्रोस्कोपखाली दाखवतात आणि रिपोर्ट देतात. पटलं तर पुढे त्यांच्याच मेश बेल्ट भट्टीवर, जिथे माल जाळीच्या पट्ट्यावरून आत सरकत जातो, जॉबवर्कही करतात. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. "आहेत तीच कामं वेळेवर जात नाहीत, मॅडम," असं भाचा म्हणाला, आणि त्यात जराही विनय नव्हता. त्यावर पुढे येतेच.

आमचं वागळे इस्टेटमध्ये सासऱ्यांनी टाकलेलं प्रेस शॉप आहे. ब्रॉन्झचे सच्छिद्र, तेल भरलेले बुश ही आमची भाकरी: पंखे, मिक्सर, शिवणयंत्रं, छोटे पंप. अलीकडे लोखंड-तांबं-ग्राफाइटचे छोटे गिअरही घेतो. मी शिकले कॉमर्स. हिशेब बघायला म्हणून आले आणि नवऱ्याने मार्केटिंग घेतल्यावर शॉप माझ्या गळ्यात पडलं. सिंटरिंग कायम बाहेरून. आधी ज्यांच्याकडे माल जायचा तिथून एक लॉट टाइट यायचा, दुसरा लूज. साइझिंगला, म्हणजे भाजलेला पार्ट पुन्हा दाबून माप नेमकं करताना, आमचे पंच बोंबलायचे, गिऱ्हाईक आमच्या नावाने. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: पावडर बदलली असेल. तापमान किती लावता, तर "नेहमीचंच."

रबाळ्याच्या सरांनी मात्र तापमानाचा विषयच काढला नाही. चहा येईपर्यंत एकच प्रश्न: पावडर मिक्स आहे की अलॉय? म्हणजे तांब्याची पावडर आणि टिनची पावडर वेगवेगळी आणून मिसळता, की आधीच ब्रॉन्झ वितळवून त्याचा फवारा मारून केलेली पावडर आणता? मी म्हटलं मिक्स, नव्वद-दहा. मग त्यांनी टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या. काचेखाली तांबं-टिनचा फेज डायग्राम होता, चांगला टेबलभर मोठा.

ज्यांनी कधी बघितला नसेल त्यांच्यासाठी: आडव्या अक्षावर टिनचं प्रमाण, उभ्या अक्षावर तापमान, आणि मध्ये कुठे सगळं घन, कुठे सगळं द्रव, कुठे दोन्ही एकत्र, त्याच्या सीमारेषा. डावं टोक शुद्ध तांबं, १०८५ अंशांना वितळणारं. उजवं टोक शुद्ध टिन, म्हणजे आपलं कथील, २३२ ला वितळणारं. मधे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन अशी वेगवेगळ्या घन रचनांची घरं, काही ऐसपैस, काही चाळीतल्या खोलीएवढी. केंब्रिजच्या हेकॉक आणि नेव्हिल या जोडीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच यातला बराचसा भाग लावून ठेवला होता, हे सर जाताजाता बोलले. मी मनात म्हटलं, आणि आमचा जुना जॉबवर्कवाला अजून "नेहमीचंच" वर अडकलाय.

आता यातली खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. माझ्यासारख्या माणसाला वाटतं, दहा टक्के टिन आहे ना, मग आलेखावर दहाच्या आकड्यावर उभी रेघ मारायची आणि वर बघत जायचं. सरांनी फूटपट्टी घेतली ती आडवी ठेवली. "ताई, तुमचे दहा टक्के फक्त वजनकाट्यावर आहेत. भट्टीत शिरताना त्या बुशमध्ये दहा टक्के कुठेच नाहीत." टिनचा कण शंभर टक्के टिन. शेजारचा तांब्याचा कण शून्य टक्के. ते जिथे चिकटलेत त्या सीमेवर शून्यापासून शंभरपर्यंत सगळी प्रमाणं एका वेळी हजर. त्यामुळे मिक्स पावडरसाठी आलेख आडवा वाचायचा, एका तापमानाला या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि फूटपट्टी तशीच आडवी ठेवून हळूहळू वर सरकवायची, कारण भट्टीत पार्ट तसाच तापत जातो.

त्यांनी ती सरकवली. मी पेनने मार्क करत गेले, तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. २२७ ला पहिली कुरबुर: टिनमध्ये नावाला तांबं विरघळलं की त्याचा वितळबिंदू थोडा खाली येतो. २३२ पार केलं की टिन पूर्ण पातळ. ते तांब्याच्या कणांमधल्या फटींत शिरतं आणि टिनचा कण जिथे बसला होता तिथे भोक राहतं. बुशला भोकं हवीतच, त्यात तेल राहायचंय. पण याच वेळी बुश फुगतोही. पुढे हे पातळ टिन तांबं खाऊन पुन्हा घट्ट होतं, मधल्या त्या छोट्या छोट्या घरांमधली ठिसूळ संयुगं तयार होतात. आणि मग वर जाताना ही घरं एकेक करून मोडतात: ४१५ ला एक, ६४० ला एक, ७५५ ला एक, शेवटचं ७९८ ला. प्रत्येक वेळी थोडा द्रव पुन्हा सुटतो. ७९८ च्या वर गेलं की काय ते घन म्हणून फक्त अल्फा उरतं, तांब्यात टिन विरघळलेलं, चिवट, हवं तसं. सुटलेला द्रव त्यात मुरत जातो, मुरत जातो आणि नाहीसा होतो. फुगलेला बुश तिथून आक्रसायला लागतो.

आणि इथे सरांनी फूटपट्टी पहिल्यांदा उभी केली. आता टिन सगळीकडे पसरत आलंय, दहा टक्के ही गोष्ट खरी व्हायला लागलीय, म्हणून आता उभी रेघ. दहा टक्के टिनच्या ब्रॉन्झमध्ये द्रव यायला लागतो तो ८४५ च्या आसपास. त्याच्या वर थांबलात तर अख्खा बुश आतून ओला होतो, भोकं गोल होऊन मिटत जातात, माप घसरतं, आणि तेल राहायला जागा उरत नाही. म्हणजे खाली ७९८, वर ८४५. आमचा सगळा धंदा या गल्लीत चालतो. ८३० च्या आसपास बहुतेक जण काम करतात ते यामुळे. काही कारखाने ८६० लाही नेतात, पण बेल्ट पळवतात, मोजून काही मिनिटं. ज्याचा थर्माकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारी तार, पंधरा-वीस अंशांनी खोटं बोलतोय त्याची या गल्लीत काय गत होईल ते तुम्हीच बघा.

जुने टाइट आणि लूज लॉटचे बुश मी पिशवीत घेऊनच गेले होते. भाच्याने दोन्ही कापले, रेझिनमध्ये बसवले, पॉलिश केले, फेरिक क्लोराइड लावलं आणि मायक्रोस्कोपला मला बसवलं. टाइट लॉटमध्ये मधोमध लालसर तांब्याची बेटं तशीच होती आणि भोकांच्या कडेला निळसर-राखाडी डाग. तो डेल्टा, मधल्या ठिसूळ घरांपैकी एक. दहा टक्के टिन नीट पसरलं असतं तर तो तिथे दिसायलाच नको. म्हणजे माल ७९८ च्या वर पोचला तरी टिकला नाही, फुगण्याच्या पायरीवरच बाहेर आला, म्हणून टाइट. लूज लॉटमध्ये सगळं एकसारखं सोनेरी, पण भोकं कमी आणि गोलगरगरीत. तो गल्लीच्या वरच्या टोकाला जाऊन आला होता. पावडर बिचारी दोन्हीकडे एकच. एवढं बघितल्यावर मी जुन्या ठिकाणी फोनसुद्धा केला नाही, फक्त उरलेला माल आणि चलनं मागवून घेतली.

याच बैठकीत एक गोष्ट सरांनी स्वतःहून सांगितली, ती मला फार आवडली. आलेखाच्या तळाशी, ३५० अंशांच्या खाली, हा नकाशा म्हणतो की दहा टक्के टिनच्या ब्रॉन्झमध्ये एप्सिलॉन निघायला हवा. प्रत्यक्षात कुठल्याही कारखान्याच्या बुशमध्ये तो सापडत नाही, कारण एवढ्या कमी तापमानाला अणूंना हलायला वेळच मिळत नाही. म्हणजे आलेख खोटा नाही, पण तो अनंत धीर धरलेल्या माणसाचा आलेख आहे. आपल्याला टेम्पो सहाला भरायचा असतो. जो माणूस आपल्याच हत्याराची मर्यादा पहिल्या दिवशी सांगतो त्याच्याशी व्यवहार करायला बरं वाटतं.

उभं वाचन कुठे लागतं तेही तिथे बघायला मिळालं. कपाटात न्यूमॅटिकच्या सायलेन्सरचे ते सोनेरी शंकू होते, हवेच्या व्हॉल्व्हवर स्क्रू करतात ते. ते गोल दाण्यांच्या अलॉय ब्रॉन्झ पावडरचे असतात, साच्यात नुसते ओतून, न दाबता भाजलेले. तिथे प्रत्येक दाण्यात टिन आधीच बरोबर प्रमाणात असतं, फुगण्याचं नाटक नाही. उभी रेघ मारायची, द्रव सुरू होतो त्या रेषेच्या जरा अलीकडे थांबायचं, दाण्याला दाणा मानेपाशी चिकटतो आणि मधून हवा जाते. भिंगातून बघितलं तर त्या माना दिसतात. हायस्पीड स्टीलसारख्या पावडरींना उलट मुद्दाम त्या रेषेच्या किंचित वर नेतात, म्हणजे प्रत्येक दाण्याच्या आतच थोडा द्रव सुटतो आणि पार्ट भसकन घट्ट होतो. तिथे पाच-दहा अंश इकडेतिकडे झाले की पार्ट बसतो, म्हणजे अक्षरशः बसतो. आमच्या कामाचं नाही ते, पण ऐकायला मजा आली.

गिअरचं काम आम्ही नंतर दिलं. लोखंडात दोन टक्के तांबं आणि ०.८ टक्के ग्राफाइट, बाजारात सगळ्यात जास्त चालणारं मिश्रण. तापमान ११२०. हे ११२० कुठून आलं हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. खालून बघितलं तर तांबं १०८५ ला वितळतं, म्हणून त्याच्या वर. वरून बघितलं तर दोन कारणं: एक, मेश बेल्टची जाळी साधारण ११५० च्या पुढे टिकत नाही, दोन, लोखंड आणि कार्बन यांच्यात ११४७ ला द्रव सुटतो. या दुसऱ्या कारणाचा नमुना सरांच्या शेल्फवर आहे. कोणीतरी लोखंडी पार्ट थेट ग्राफाइटच्या प्लेटवर ठेवून ११६० च्या पुढे नेला होता. शुद्ध लोखंड १५३८ ला वितळतं म्हणून बिनधास्त. पार्टची खालची बाजू प्लेटमधला कार्बन खाऊन चक्क वितळली आणि प्लेटसकट एक डबकं झालं. हा तुकडा आमच्या शॉपमधल्या पोरांना दाखवायला मी उसना मागितला होता, दिला नाही.

११२० ला तांबं किती विरघळू शकतं, तर गरम लोखंडात जवळजवळ आठ टक्के. आपलं तांबं दोनच टक्के. म्हणजे ते वितळणार, कणांच्या सांध्यांमध्ये घुसणार, आणि थोड्या वेळाने सगळंच्या सगळं लोखंडात जिरणार. घुसताना ते कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं, म्हणून गिअर वाढतो. दात जाड झाले म्हणून आमच्या गिऱ्हाइकाच्या क्यूसीने ओव्हर-पिन मापावर, म्हणजे दातांच्या खाचांत पिना ठेवून घेतलेल्या मापावर, जो लॉट परत केला होता त्याचं मूळ इथे होतं. ग्राफाइट ही वाढ दाबतो, कार्बन असला की पातळ तांबं कणांच्या आतल्या सीमांमध्ये तितकंसं घुसत नाही. मग प्रश्न असा: आम्ही ०.८ घातला, तर उरला किती?

इथे पुन्हा आलेख कामाला आला, आणि मला वाटतं संपूर्ण सेवेतला हाच भाग पैसे वसूल करणारा होता. गिअर कापला, नायटल, म्हणजे पोलादाची रचना उठवून दाखवणारं आम्ल, लावलं. लोखंड-कार्बनच्या आलेखावर ०.७७ टक्क्यांच्या जवळ पोलाद संपूर्ण परलाइटचं असतं, काळपट पट्ट्यापट्ट्यांचं. आमच्या ०.८ वर जवळपास सगळा गिअर काळपट दिसायला हवा. मधला भाग होताही तसा. पण दातांच्या टोकाशी निम्मी जागा पांढरी, म्हणजे फेराइट, जवळजवळ बिनकार्बनचं लोखंड. तरफेच्या नियमाने, म्हणजे दोन्हींच्या वाट्यांवरून, हिशेब केला तर निम्मा परलाइट म्हणजे कार्बन साधारण ०.४. अर्धा कार्बन दातांच्या टोकावरून उडाला होता, जिथे कडकपणा सगळ्यात जास्त हवा तिथूनच. कुठलंही रासायनिक पृथक्करण न करता, एका फोटोवरून. तांब्यामुळे हे आकडे थोडे सरकतात, हे सरांनी रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिलंय. कारण निघालं जुन्या भट्टीतल्या वायूतला ओलावा. रबाळ्यात अमोनिया फोडून पंचाहत्तर टक्के हायड्रोजन आणि पंचवीस टक्के नायट्रोजन वापरतात, ड्रायरमधून काढून, दवबिंदू उणे चाळीसच्या खाली ठेवून. मीटर तुमच्यासमोर दाखवतात. नव्या लॉटमध्ये दातांची टोकं काळी आली, मापही गेजमध्ये.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

पहिली आणि खरी मोठी: ट्रायल ट्यूब भट्टीत आणि माल बेल्ट भट्टीत. आलेखाला वेळेचा अक्ष नाही, हे सर स्वतः म्हणतात, पण सेवेची आखणी करताना सोयीस्कर विसरतात. ट्यूब भट्टी मिनिटाला काही अंश अशी रमतगमत तापते. तेवढ्या वेळात टिन बरंचसं घन अवस्थेतच तांब्यात सरकून जातं आणि द्रव कमी सुटतो. बेल्टवर तोच बुश झपकन आत जातो, द्रव जास्त सुटतो, माप वेगळं येतं. आमचा पहिला बेल्टचा लॉट ट्रायलच्या मापाशी जुळला नाही आणि बेल्टचा वेग दुरुस्त करून पुन्हा चालवावा लागला. त्याचे पैसे कोणाचे, यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी निम्मे-निम्मे. माझं म्हणणं असं की ट्रायलच्या चार्जमध्येच बेल्टवरची एक छोटी फेरी धरायला हवी. रिपोर्टवर सही करून मोकळं व्हायचं असेल तर ती कॉलेजची प्रयोगशाळा झाली.

दुसरी: झिंक स्टिअरेट. दाबताना पावडरमध्ये वंगण घालतो ते. ते फेज डायग्रामवर कुठेच नाही, पण भट्टीत तर आहे. आमच्या ट्रायलच्या पार्टांवर काजळीचे डाग आले, कारण वंगण जळून जायला ५०० ते ६०० च्या पट्ट्यात पुरेसा वेळ दिला नव्हता. बेल्टवर हा त्रास नाही, तिथे सुरुवातीचा झोन त्यासाठीच आहे. पण ट्रायल बघून गिऱ्हाइकाला नमुना पाठवायचा असतो, काजळीवाला नमुना कोण पाठवणार?

तिसरी: वेळ. "गुरुवारी या" म्हणजे पुढच्याचा पुढचा गुरुवार. भाच्याचा फोन कायम बिझी. पावसाळ्यात लाइट गेली की भट्टी नायट्रोजनने धुऊन पुन्हा चढवावी लागते, ते समजू शकते, हायड्रोजनशी खेळ नको. पण मग तसा एक मेसेज टाका ना. माल आणायला आमचा टेम्पो विटाव्याच्या पाण्यातून वळसे घेत ऐरोलीपर्यंत पोचला आणि तिथे कळलं की आज भट्टी बंद.

बिलिंगबद्दल एवढंच सांगते की मी कॉमर्सची आहे आणि त्यांचं पहिलं बिल मी तीनदा परत पाठवलं.

रिपोर्टची भाषा मात्र सुधारा. भाचा इंग्रजीत लिहितो आणि सरांच्या बोलण्यातला जीव त्यातून निघून जातो. समोरासमोर बसलात तर अर्ध्या तासात जे कळतं ते रिपोर्टच्या दोन पानांत नाही. म्हणून पार्ट कुरिअरने पाठवू नका, स्वतः जा. शॉपमधल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर न्या. मी आमच्या प्रेसवरच्या मामांना नेलं होतं. सातवी शिकलेत. आडव्या फूटपट्टीची गोष्ट ऐकून त्यांनी सरांना उलट विचारलं, मग टिन जास्त बारीक घेतलं तर भोकं बारीक पडतील का? सर खूश. पडतात, आणि तेल धरून ठेवायला बारीक भोकं चांगली असतात. आता आम्ही टिनच्या पावडरची बारीकी बदलून बघतोय.

आणखी एक जमेची बाजू म्हणजे नाही म्हणण्याची हिंमत. आम्हाला एका गिऱ्हाइकासाठी अॅल्युमिनियमचा छोटा पार्ट करायचा होता. अॅल्युमिनियम आणि तांब्याचा आलेख बघितला तर ५४८ लाच द्रव सुटतो, लोखंडाच्या निम्म्या तापमानात काम, मी हरखूनच गेले होते. सर म्हणाले, आलेखावर ऑक्साइडचा पापुद्रा दिसत नाही, पण अॅल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर तो असतो, आणि द्रव सुटला तरी त्या पापुद्र्यापलीकडे पोचायला हवा. थोडं मॅग्नेशियम घालून आणि अगदी कोरड्या नायट्रोजनमध्ये लोक करतात, आमच्याकडे तसा नायट्रोजन नाही, पैसे वाया घालवू नका. दुसऱ्या कोणी ट्रायलचे पैसे घेऊन मग सांगितलं असतं.

तीन घटक एकत्र असतील तर त्यांची जरा दमछाक होते, हेही नोंदवून ठेवते. लोखंड, तांबं आणि कार्बन एकत्र म्हणजे खरं तर तीन कोपऱ्यांचा आलेख लागतो. सर दोन-दोनचे आलेख शेजारी ठेवून अनुभवाने जोड लावतात. आमच्या गिअरला ते पुरलं. निकेल, मॉलिब्डेनम असलेल्या भारी मिश्रणांना पुरेल की नाही याची मला खात्री नाही. अशा कामासाठी सॉफ्टवेअरवर हिशेब करणारी जागा शोधलेली बरी. फॉस्फरसचं मात्र त्यांना छान जमतं. लोखंडात फेरोफॉस्फरस घातलं की १०५० ला द्रव सुटतो, म्हणजे ११२० वर आरामात काम होतं, आणि मोटरचे मऊ चुंबकी पार्ट करणारे ओळखीतले एक जण त्यासाठीच त्यांच्याकडे जातात.

पाचपैकी चार देईन. चार्ज कमी नाहीत, पण पूर्वी रिजेक्शनमध्ये जे जात होतं त्यापुढे काहीच नाहीत.

जाताना काय न्यायचं: पावडरचं सर्टिफिकेट, कणांच्या आकारासकट, वंगण किती टक्के घातलंय ते लिहून, कच्च्या पार्टची घनता, आणि बिघडलेले जुने पार्ट, ते फेकून देऊ नका, सगळ्यात जास्त तेच बोलतात. सकाळी साडेदहाच्या आत गेलात तर सर मोकळे असतात, ट्रेनने जायचं तर रबाळे स्टेशनवरून रिक्षा. कार्बाइड, म्हणजे आपल्या भाषेत विडियाच्या टिपांचं काम घेऊन मात्र जाऊ नका. त्याला १४०० च्या वर व्हॅक्यूम भट्टी लागते आणि कार्बन जरा कमी पडला तर ठिसूळ, जरा जास्त झाला तर ग्राफाइट सुटतो. आलेख सर तुम्हाला त्याचाही आनंदाने समजावतील, चहा पाजून, पण तशी भट्टी त्यांच्याकडे नाही.